हरिहरच्या पायऱ्यांवर

द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या आमच्यासारख्यांना उंच म्हणजे उड्डाणपूल. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो, आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत ट्रक, एसटी आणि रिक्षांचा गोंगाट चालू असतो. पाऊस संपून हवा स्वच्छ झाली की गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. वीस वर्षे तो मी कपडे वाळत घालताना पाहत आले. शाळेत मी भूगोल शिकवते. सह्याद्री, त्याच्या रांगा, लाव्हाचे थर, सगळे फळ्यावर काढून दाखवते. पण त्यातल्या एका डोंगरावरही आपण कधी धड चढलो नाही, हे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लक्षात आले.

निमित्त झाले दोहाहून सुट्टीवर आलेल्या भाच्याचे. माझ्या नणंदेचा हा मुलगा तिथे नोकरी करतो. कतार म्हणजे सपाट वाळवंट; सगळ्या देशात उंचातली उंच जागा भरते जेमतेम १०३ मीटर. तिथे बसून त्याने मोबाईलवर हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांची चित्रफीत पाहिली होती आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते खूळ होते. आल्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊनच म्हणाला, "मामी, हे तुमच्या नाशिकला आहे आणि तुम्ही पाहिलंसुद्धा नाही?"

मला उत्तर सुचले नाही. माझ्या मुलीला मात्र सुचले. ती अकरावीत आहे. कॉलेजच्या मुलींबरोबर ती रामशेजला जाऊन आली होती, आणि त्यानंतर तिने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची माहिती काढून ठेवली होती. अठ्ठावीस दिवसांचे शिक्षण, बर्फात, हिमालयात. जुलैपासून तो कागद टेबलाच्या खणात पडून होता. तिच्या अब्बूंनी नाही म्हटले नव्हते. "बघू" म्हटले होते. बहिणींनो, आपल्या घरातल्या "बघू"चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. मुलीची जात, महिनाभर घरापासून दूर, तंबूत राहणे, वर डोंगर. आणि खरे सांगायचे तर मीही त्या "बघू"च्या मागे लपले होते. सगळा दोष ह्यांच्यावर टाकून मला सोयीस्कर गप्प बसता येत होते.

"आपण सगळेच जाऊ," मुलगी म्हणाली. "अब्बूपण."

हरिहरला हर्षगडही म्हणतात. त्र्यंबकेश्वराच्या पश्चिमेकडच्या रांगेत तो उभा आहे, उंची सुमारे ३,६७६ फूट. उंचीच्या हिशेबाने तो काही फार मोठा नाही. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर, आणि हरिहर त्यांच्यापुढे धाकटाच. पण कळसूबाईला अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. हरिहरला शिडी नाही. तिथे डोंगराच्या उभ्या अंगात शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोड्याने पायऱ्या खोदल्या आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हाताची बोटे अडकवायला खोबण्या केल्या. बस्स, एवढेच. आजही माणूस त्याच खोबण्यांत बोटे घालून वर जातो. चित्रफितींत ऐंशी अंशांचा चढ म्हणून सांगतात. मी कोनमापक लावला नाही, पण चढताना पुढच्या पायरीला नाक लागते एवढे खरे.

घाटवाटेवर नजर ठेवायला बांधलेला हा किल्ला पुष्कळ हातांतून गेला. १६३६ साली शहाजीराजांना मोगलांशी तह करावा लागला तेव्हा त्र्यंबक आणि त्रिंगलवाडीबरोबर हरिहरही मोगल सरदार खानजमानच्या ताब्यात गेला. पुढे तो मराठ्यांकडे आला. १८१८ साली त्र्यंबक पडल्यावर आसपासच्या सतरा किल्ल्यांनी इंग्रजांपुढे हत्यारे खाली ठेवली, त्यात हाही होता. इंग्रजांनी नंतर सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर अजून तुटक्या पायऱ्यांच्या जागी दोर लावून चढावे लागते. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याला त्या पाहून मोठे नवल वाटले होते म्हणतात. मलाही वाटले, पण ते नंतर. आधी भीती वाटली.

आम्ही मुद्दाम मधला वार निवडला. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात तिथे इतकी झुंबड उडते की वनखात्याला प्रवेशावर मर्यादा घालावी लागते, हे मुलीने आधीच बजावले होते. सासूबाईंनी रात्रीच खिमा आणि चपात्या बांधून दिल्या. फजरची नमाज पढून सहा वाजता निघालो. सातपूर, अंजनेरी, त्र्यंबक मागे टाकून निरगुडपाड्याला पोचलो तेव्हा उन्हे भातखाचरांवर आली होती. भात कापून झालेला, पेंढ्या रचलेल्या, आणि कौलारू घरांच्या मागे हरिहर. खालून तो एखाद्या त्रिकोणी ठोकळ्यासारखा दिसतो. पायऱ्या दिसत नाहीत, आणि तेच बरे.

कपड्यांविषयी एक सांगते, कारण घरून निघताना यावर माझा आणि मुलीचा वाद झाला होता. मी नेहमीचा बुरखा घालून निघाले होते. मुलगी म्हणाली, "अम्मी, पायरीवर घेर पायात आला तर धरायला काही नसतं." मला राग आला. पण वाटाड्या म्हणून जो गावातला तरुण आमच्याबरोबर आला, त्यानेही माझ्याकडे पाहून अदबीने तेच सांगितले, "ताई, तेवढं पायात येतंय बघा." शेवटी गाडीत बुरखा ठेवला. आत गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, खाली सलवार आणि डोक्याला घट्ट पिनांनी बांधलेला स्कार्फ होताच. सलवारीचे पायघोळ मुलीने घोट्यापाशी रबराने बांधून दिले. अंग पूर्ण झाकलेले आणि पाय मोकळे. पुढे पायऱ्यांवर त्या रबरांची किंमत कळली. बुटांचे मात्र मी चुकले. शाळेत घालते ते गुळगुळीत तळव्याचे बूट घातले होते. तळ खडबडीत हवा. बाकी महागडे काही लागत नाही.

पहिले दीड तास चढ सोपा आहे, म्हणजे लोक तसे म्हणतात. झाडीतली वाट, मग पिवळ्या गवताची सोंड, मग पुन्हा चढ. भाचा सुरुवातीला हरणासारखा पुढे पळत होता. दोहाच्या व्यायामशाळेत तो रोज यंत्रावर तासभर धावतो. पाऊण तासाने तो एका करवंदीच्या जाळीशी बसलेला सापडला, तोंड लाल. यंत्र सपाट असते, मी त्याला म्हटले. तो हसला नाही. वाटाड्या मात्र पायात साध्या चपला घालून, पाठीवर आमच्या पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन, एका लयीत चालला होता. घाई नाही, थांबणेही नाही. त्याच्या मागोमाग तसेच पाऊल टाकायला लागल्यावर माझा श्वास आपोआप ठिकाणावर आला.

दहाच्या सुमारास पायऱ्यांच्या पायथ्याशी आलो. तिथे पाड्यावरच्या एका बाईंनी लिंबू सरबत आणि काकडीचे छोटे दुकान मांडले होते. सगळा माल त्या रोज डोक्यावरून वर आणतात. ह्यांनी मान वर करून त्या पायऱ्या पाहिल्या. काही बोलले नाहीत. द्वारकेला ह्यांचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे, चाळीस किलोचा गिअरबॉक्स एकटे उचलतात, पण गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले तर ह्यांना गरगरते हे मला निकाहानंतर आठव्या दिवशी कळले होते. ह्यांनी दुकानाच्या बाकड्यावर बैठक मारली आणि जाहीर केले, "मी सामान सांभाळतो." सामान म्हणजे एक पिशवी होती.

मला वाटले होते, मीही इथेच थांबेन. पण मुलगी पहिल्या पायरीवर उभी राहून मागे वळून बघत होती. मग बिस्मिल्लाह म्हणून हात खोबणीत घातला.

चढताना त्रास होतो तो भीतीपेक्षा दमाचा. समोर दगड असतो, दगडाकडेच बघायचे असते. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. किती पावले पडली असतील! चौकीदार, पाणके, धान्याची पोती वाहणारे, हमाल. सरदारांची नावे बखरीत राहिली, पोती वाहणाऱ्यांची ही एवढी खूण. शंभरावर पायऱ्या चढून गेले की दरवाजा लागतो. तिथे हुश्श करावे तर पुढे कड्याच्या पोटात कोरलेली अरुंद वाट आहे. डोक्यावर कातळ, एका हाताला दरी, वाकून जायचे. आणि त्यानंतर पुन्हा पायऱ्या, आणखी उभ्या, एका बोळातून वळत वर जाणाऱ्या, आणि शेवटी डोके बाहेर काढावे असा छोटा दरवाजा. त्यातून बाहेर आले आणि एकदम वारा लागला.

माथ्यावर एक तळे आहे, मारुतीचे लहान देऊळ आहे, आणि थोडे पुढे एक दगडी कोठी. तिचे छप्पर अजून शाबूत, आणि आत जायला दार म्हणजे खिडकीएवढे भोक. दारूगोळा किंवा धान्य ठेवण्याची ती जागा. भाचा त्यात रांगत शिरला आणि आतून मोठ्याने आपले नाव घेऊन प्रतिध्वनी काढू लागला, तेव्हा त्याचा मूळ स्वभाव परत आल्याची खात्री पटली. एका बाजूला ब्रह्मगिरी आणि त्याच्यामागे अंजनेरी, दुसऱ्या बाजूला भास्करगड, खाली दूरवर वैतरणेचे पाणी चकाकत होते. मी मुलीला थर दाखवायला लागले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरत गेले, मधला मऊ थर झिजला की पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. "अम्मी, वर्ग भरवू नको," ती म्हणाली. पण ऐकत होती.

याच किल्ल्याचा एक उभा कडा १९८६ साली डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढून काढला. १९७५ साली एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून डुगल हॅस्टनबरोबर शिखर गाठणारा हाच तो माणूस. त्या कड्याला आता स्कॉटिश कडा म्हणतात. ही माहिती मला मुलीने दिली. एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला नाशिक जिल्ह्यातल्या या दगडावर हात लावावासा वाटला, याचे तिला फार अप्रूप होते.

जोहरची वेळ झाली. बाटलीतल्या पाण्यात बेताने वजू केला. भाचा म्हणाला, आपण मुसाफिर, दोनच रकात पढू. मी हिशेब मांडला. कसरसाठी आपल्याकडचे उलमा साधारण ७७-७८ किलोमीटरचे अंतर धरतात आणि आम्ही द्वारकेपासून पन्नासेक किलोमीटरवर होतो. दम कितीही लागला असला तरी चार रकात पूर्ण. तळ्याच्या बाजूला थोडी सपाट जागा पाहून, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलो. देवळापाशी सिन्नरकडची चार-पाच मुले डबा खात बसली होती. त्यांनी मोबाईलवरचे गाणे बंद केले. नंतर त्यांच्याकडची शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे आली आणि आमच्या चपात्या तिकडे गेल्या. मांस चालेल का, हे मी आधी विचारले. दोघांना चालले, तिघांना नाही.

खरी गोष्ट उतरतानाची.

वर जाताना दरी पाठीमागे असते. उतरताना पाय कुठे ठेवायचा हे बघायला खाली पाहावेच लागते, आणि पायाच्या बाजूला पायरी नसते तिथे सरळ झाडांचे शेंडे दिसतात. वाटाड्याने सांगितले होते, शिडी उतरतात तसे दगडाकडे तोंड करून उलटे उतरायचे. खालच्या टप्प्याच्या साधारण मध्यावर आले आणि खालून मोठा जमाव वर चढू लागला. कुठली तरी सहल होती. वर येणाऱ्यांना कोणी थांबवले नाही, आम्हाला बाजूला व्हायला जागा नाही. सगळे जिथल्या तिथे अडकले. माझी बोटे खोबणीत, एक पाय पायरीवर, आणि तो गुळगुळीत बूट. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पायाला कंप सुटला. आधी पोटरीत, मग मांडीत, शिवणयंत्राच्या सुईसारखा पाय थरथरू लागला. थांबवला तरी थांबेना.

डोंगर चढताना तकबीर आणि उतरताना तसबीह पढण्याची सहाबांची रीत मी मुलांना किती वेळा सांगितली आहे. त्या क्षणी कुठे काय पढायचे ते काही आठवेना. दोन्ही पढत होते. वर भाचा अगदी गप्प होता. त्याचीही तीच अवस्था होती, हे त्याने नंतर कबूल केले.

मुलगी माझ्या दोन पायऱ्या खाली होती. तिने हात वर करून माझ्या टाचेला तळवा लावला. "अम्मी, खाली बघू नको. दगडाकडे बघ. पाय मी ठेवते." मग खाली वळून ती त्या जमावाला म्हणाली, "आधी उतरणाऱ्यांना जाऊ द्या. एक-एक जण मागे व्हा. शेवटच्या माणसापासून सुरुवात करा." ओरडली नाही. घरात टॉवेल सापडला नाही तर जो आवाज लावते, तो नव्हता हा. वाटाड्याने खालून तेच पुन्हा मोठ्याने सांगितले आणि माणसे खरोखर मागे सरली. "आता डावा पाय. थांब. हं, टेकला. आता हात सोड, खालच्या खोबणीत घाल. आता उजवा." प्रत्येक पायरीला तिने माझी टाच धरून जागेवर ठेवली. लहानपणी तिला चालायला शिकवताना मी असेच काही तरी बोलले असेन, पण तो विचार घरी येऊन सुचला. तेव्हा फक्त डावा आणि उजवा एवढेच होते.

खाली जमिनीला पाय लागला तेव्हा गुडघे वाकले आणि मी बसलेच. हे उभे होते. सरबतवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ अर्धा तास एका जाग्यावर उभे हायेत. सरबत दिलं ते पण तसंच हातात." ग्लास खरोखर भरलेला होता. तो ह्यांनी माझ्या हातात दिला. मुलीकडे पाहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पिशवी उचलून चालू लागले.

परतीच्या वाटेवर भाचा वाटाड्याला विचारत होता, इतकी गर्दी होते तर चढायची आणि उतरायची वेळ वेगळी का ठेवत नाहीत? वाटाड्या म्हणाला, आम्ही गावातले चार पोरं उभे राहतो तेव्हा ठेवतो. रोज कोण उभं राहणार? मला हे बोलणे महत्त्वाचे वाटले म्हणून लिहिते. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, गावातला माणूस बरोबर घ्या आणि उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. दगड ओला असेल तर पायथ्याच्या दुकानात सरबत पिऊन परत या. त्यात काही कमीपणा नाही. आमच्या घरातल्या एका माणसाने कोरड्या दिवशीही तेच केले.

गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मगरिबच्या अजानीला द्वारकेत होतो. चौकात नेहमीसारखी वाहने अडकलेली, आणि पहिल्यांदाच त्या गर्दीत मला हायसे वाटले. सासूबाईंनी माझ्या पायांना गरम तेल लावले आणि "या वयात काय नडलं होतं" हे अकरा वेळा ऐकवले. दोन दिवस जिना मी बसत-बसत उतरले.

तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर ह्यांनी खणातून तो कागद काढला. चष्मा लावून सगळा वाचला, मागची बाजूही. वैद्यकीय दाखला लागतो, वयाची अट आहे, मुलींची राहण्याची सोय काय आहे, एकेक विचारत गेले. मुलगी उत्तरे देत होती, मी भांडी आवरत ऐकत होते. मग म्हणाले, "आणि बूट? ते देतात की आपण घ्यायचे?"

जागा महिनोन्महिने आधी भरतात म्हणे. अर्ज पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.